पिवळी चवली, पांढरा पाच आणि गिलिटाची मोहर

दिवाळीची साफसफाई झाली की माळ्यावरचे डबे खाली येतात आणि या सदराकडे पत्रांचा ढीग लागतो. या खेपेला बहुतेक पत्रांतली तक्रार एकच: नाण्याचा रंग असायला हवा तसा नाही. हा माझ्या आवडीचा विषय, कारण नाण्यांचा नाद लागायच्या आधीपासून माझा धंदा प्लेटिंगचा. नळाच्या तोट्या, स्कूटरची हँडलं, कपाटांच्या मुठी, देवळांचे कळस, जे आलं त्यावर निकेल, क्रोम, पितळ, सोनं चढवून दिलं. नाणी जमवणारा माणूस आधी छाप बघतो. मी आधी कड बघतो. नेहमीप्रमाणे भाव विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. इथे भाव सांगत नाही, त्यासाठी दुसरी माणसं पुष्कळ आहेत.

सासूबाईंच्या डब्यात दोन चौकोनी चवल्या (दोन आण्यांची नाणी) सापडल्या. दोन्हींवर मुकुट घातलेला राजा आहे. १९३९ ची पांढरी आहे, १९४३ ची मात्र चक्क पिवळी. गावातले सोनार म्हणाले, कुणीतरी सोन्याचं पाणी दिलंय, घासलं की निघेल. राजाचं नाक आणि गाल झिजून सपाट झालेत, तरी तिथेही पिवळंच दिसतं. घासू का? (वाई)

ताई, अजिबात घासू नका. उत्तर तुमच्याच पत्रात आहे. नाक झिजून सपाट झालं तरी पिवळंच, म्हणजे पिवळेपणा वरून दिलेला नाही. हळकुंड मोडलं तरी आतून पिवळंच असतं, तसं हे नाणं आरपार पिवळं आहे.

चौकोनी चवली १९१८ पासून तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाची निघत होती, म्हणून पांढरी. दुसऱ्या महायुद्धात निकेलची ओढाताण झाली. चिलखती पोलाद आणि तोफा यांना ते लागत होतं. म्हणून १९४२ ते १९४५ या काळात अर्धा आणा, आणा आणि चवली निकेल-ब्रासमध्ये पाडली. त्यात तांबं आणि जस्त मुख्य, निकेल थोडंसं. १९४६ ला पुन्हा पांढरी चवली आली. तेव्हा तुमची १९४३ ची चवली पिवळीच असायला हवी. उलट त्या सालाची पांढरी निघाली असती तर मी म्हटलं असतं, जरा कड दाखवा. दोन्हींचं वजन जवळपास ५.८ ग्रॅम, तेव्हा तराजूने फरक कळणार नाही. इथे सालच बघायचं.

सोनारांचा यात दोष नाही. पिवळं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे सोनंच येणार. १९६८ पासून आलेल्या कमळाच्या आणि गांधीजींच्या पिवळ्या वीस पैशांबाबतही त्यात सोनं असल्याची आवई उठली होती, आणि लोकांनी ती नाणी डब्यांत भरून ठेवली. तुमच्या डब्यात तळाशी तीही असतील. त्यात सोन्याचा कण नाही.

जुन्या बाजारात एकाने '१९१८ ची सोन्याची मोहर' म्हणून पाचव्या जॉर्जचं नाणं दिलं. आकार रुपयाएवढा, वजन ११.४ ग्रॅम. सराफाच्या मशीनवर सोनं ६२ टक्के, बाकी चांदी आणि थोडं निकेल असं आलं. म्हणजे काहीतरी सोनं आहेच ना? फोटो जोडले आहेत. (इचलकरंजी)

सोनं आहे. पण ते नाण्यात नाही, नाण्यावर आहे.

विकणाऱ्याने साल मात्र हुशारीने निवडलंय. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीने खरोखरच पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणं पाडलं होतं, आणि त्याच वर्षी तिथे सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणंही पाडलं गेलं. तेव्हा '१९१८, मुंबई, सोनं' एवढं ऐकलेला माणूस फसतो. पण ते पंधरा रुपयांचं नाणं सॉव्हरिनएवढं लहान, ८ ग्रॅमच्या आतबाहेर, आणि त्यावर पंधरा रुपये असं स्पष्ट छापलेलं असतं. तुमच्यावर एक रुपया लिहिलंय. रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एका जुन्या तोळ्याचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा. तुमचा झिजून ११.४ वर आलाय.

खरं तर वजनावरच निकाल लागतो. चांदीच्या रुपयाएवढंच नाणं बावीस कॅरेट सोन्याचं केलं तर ते २० ग्रॅमच्या आसपास भरेल, कारण सोनं चांदीपेक्षा फारच जड. साडेअकरा ग्रॅमचं 'सोनं' त्या आकारात बसूच शकत नाही. पुढच्या वेळी मशीनच्या आधी तराजू.

आता मशीनविषयी, कारण या खेपेच्या तीन पत्रांत हाच घोळ आहे. सराफाकडचं ते यंत्र क्ष-किरण सोडतं आणि पृष्ठभागातून परत येणाऱ्या किरणांवरून धातू ओळखतं. ते किरण धातूत फार आत जात नाहीत, काही मायक्रॉनमध्ये खेळ संपतो. मुलामा पातळ असला की वरचं सोनं आणि खालची चांदी दोन्ही एकदम दिसतात, आणि यंत्र त्यांची सरासरी टक्केवारी दाखवतं. सोन्याचा थर आणखी जाड असता तर तुम्हाला नव्वदच्या पुढचा आकडा आला असता आणि तुम्ही पेढे वाटले असते. यंत्र खोटं बोललं नाही. आपण त्याला विचारलं वरच्या सालीबद्दल आणि समजलो गराबद्दल.

तुमच्या छापील निकालात मला सगळ्यात मजेचा वाटला तो निकेलचा आकडा. १९१८ च्या रुपयात निकेल नसतं. चांदी आणि तांबं, बस. मग ते आलं कुठून? चांदीवर थेट सोनं चढवलं तर काही काळाने दोन्ही एकमेकांत मुरतात आणि रंग फिका पडतो, म्हणून हल्ली मध्ये निकेलचा अस्तराचा थर देतात. म्हणजे हा मुलामा जुन्या आजीबाईंच्या पदकाचा नाही, अलीकडच्या बाथमधला, म्हणजे विजेने मुलामा देतात त्या द्रावणाच्या टाकीतला आहे. आणि विकण्यासाठीच दिलेला आहे, असं माझं मत.

जुना मुलामा कसा असतो तेही सांगतो. आपल्याकडे रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची रीत होती, आणि ऐपतीप्रमाणे त्याला पाऱ्याचा मुलामा द्यायचे. सोनं पाऱ्यात कालवून ते लोण्यासारखं मिश्रण नाण्यावर चोळायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. (पारा उडून जातो तो कारागिराच्या छातीत. हे काम कुणी घरी करून बघू नये.) हे मिश्रण अक्षरांच्या कानाकोपऱ्यांत साचतं, म्हणून जुन्या गिलिटात खोलगट भागात सोनं टिकलेलं आणि उंच भाग पांढरे पडलेले असतात.

विजेच्या बाथमध्ये नेमकं उलटं होतं. करंट कडांकडे आणि टोकांकडे जास्त धावतो, म्हणून तिथे थर जाड बसतो आणि अक्षरांच्या पोटात, दाढीच्या केसांच्या खाचांत पातळ. तुमच्या तिसऱ्या फोटोत 'इंडिया'च्या अक्षरांच्या बुडाशी काळपट रेघ दिसते ना, ती तिथली उघडी पडलेली चांदी काळवंडलेली आहे. कडेच्या उभ्या रेघाही बोथट झाल्यात, जणू वरून पातळ रंगाचा हात फिरवलाय.

आणखी एक. राजाच्या गालावर लांब ओरखडा आहे. तो भिंगाखाली पाहा: ओरखड्याच्या आतही सोनं आहे. म्हणजे आधी नाणं वापरलं गेलं, झिजलं, ओरखडलं, आणि मग त्यावर सोनं आलं. टांकसाळीतून सोन्याचं निघालेलं नाणं ओरखडलं तर ओरखडा सोन्याला पडतो. सोनं ओरखड्याला भरत नाही. कुठल्याही संशयित नाण्यावर आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढा क्रम लावता आला तर बाकीच्या चाचण्या निम्म्या होतात.

मुकुटाच्या बरोबर वर कडेला बारीकसा ठिपका आहे, तिथे सोनं चढलेलं नाही. नाणं बाथमध्ये तारेला टांगतात, त्या तारेच्या चिमट्याची ती जागा. आमच्या शॉपवर गिऱ्हाईक परत आलं की मी पहिल्यांदा हीच जागा शोधायचो, कारण माल कुणाच्या रॅकवरचा ते त्यावरून कळायचं. ढोल फिरवून बॅरलमध्ये प्लेटिंग केलं तर ही खूण मिळत नाही, पण एकेक नाणं चमकवून विकणारे बहुधा तारेवरच लटकवतात.

पैसे परत मागा. न दिल्यास चांदीचा रुपया महागात पडला एवढंच.

मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या शेजारच्या गोऱ्या आजोबांनी माझ्यासाठी जुने सेंट दिले. एक १९४३ चा पांढरा, एक १९४३ चाच तांब्याचा, आणि एक १९८० च्या आसपासचा सोनेरी. तांब्याचा १९४३ लाखोंचा असतो असं ऐकलं. खरं का? (ठाणे)

ऐकलं ते खरं. तुमच्याकडचा तो आहे का, हे फ्रिजवरच्या चुंबकाने दहा सेकंदांत कळेल.

१९४३ साली अमेरिकेला तांबं युद्धासाठी हवं होतं, म्हणून सेंट पोलादाचा केला आणि त्यावर जस्ताचा थर दिला. पांढरा तो हा; वजन २.७ ग्रॅम, चुंबकाला चिकटतो. चुकून जुन्या ब्राँझच्या चकत्यांवर पडलेले अगदी थोडे सेंट मात्र ३.११ ग्रॅमचे आहेत, आणि तेच लाखोंचे. हे कळल्यावर लोकांनी पोलादी सेंटवर तांबं चढवायचा उद्योग सुरू केला. तो गट्टदिशी चुंबकाला चिकटतो. चिकटला नाही तर वजन करा, आणि ३ च्या आकड्याची खालची शेपटी भिंगाखाली पाहा. १९४८ मधल्या ८ ची अर्धी बाजू घासून ३ केलेली नाणीही फिरतात. खऱ्या १९४३ च्या ३ ची शेपटी बरीच खाली ओघळलेली असते.

सोनेरी सेंट बहुधा तिकडच्या शाळेतला. तांब्याच्या नाण्यावर जस्त चढवून ते तापवतात, दोन्ही मिसळून पितळेचा पातळ थर होतो. रसायनशास्त्राच्या तासाला मुलं हा प्रयोग करतात. ठेवून द्या, छान दिसतो.

ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं एक आण्याचं नाणं आहे, एका बाजूला राम दरबार. गावातल्या एकाने ते तांदळाजवळ धरलं तर दाणे ओढले गेले. मुंबईची पार्टी दोन कोटी देते म्हणतात, आधी तपासणीचे चाळीस हजार भरायचे आहेत. (नांदेड जिल्हा)

भाऊ, एक रुपयाही भरू नका. हा 'राईस पुलर'चा, म्हणजे तांदूळ ओढणाऱ्या जादूच्या नाण्याच्या नावाने फसवण्याचा धंदा आहे आणि राज्यात पोलिसांनी अशा टोळ्या अनेकदा पकडल्या आहेत. पुढची पायरी ठरलेली असते: तपासणीवाला सुटाबुटात येतो, किरणोत्सर्गापासून वाचवणारा सूट आणि लॅब यांच्या नावाने आणखी पैसे मागतो.

नाण्याबद्दल म्हणाल तर कंपनीने राम दरबाराची नाणी चलनात आणली नाहीत. हे देवळांबाहेर विकले जाणारे टोकन आहेत, साल त्यांवर मनाला येईल ते असतं. एक आण्याचं नाणं रोजच्या व्यवहारात आलं १९०७ साली, तेही कंगोऱ्यांच्या कडेचं आणि पांढरं. लोखंडाच्या चकतीवर तांबं किंवा पितळ चढवलं की नाणं 'चुंबकीय' होतं. दाण्यांना आधी लोहकीस चोळला की दाणेही. खाली तुमच्याच घरचा तांदूळ, तुमच्याच हाताने ठेवा आणि मग ओढून दाखवायला सांगा.

आजीच्या पुतळी हारातली एक पुतळी झिजून आतून पांढरी दिसते. बाकीच्या पिवळ्याच आहेत. मुलामा काढून खाली काय आहे ते बघावं का? (सांगली)

काढू नका. पुतळ्या म्हणजे मुळात व्हेनिसची डुकाट नावाची सोन्याची नाणी. संताच्या हातून ध्वज घेणारा, गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज (तिथला राज्यप्रमुख) एका बाजूला, ताऱ्यांच्या लंबगोलात येशू दुसऱ्या बाजूला. खरा डुकाट जवळजवळ शुद्ध सोन्याचा आणि साडेतीन ग्रॅमचा. त्यांना इतकी मागणी होती की आपल्याकडेही नकला घडवल्या गेल्या, आणि हारात एखादी हरवली तर सोनार चांदीची घडवून, गिलीट देऊन ओवून टाकायचे. तुमची ती तशीच दिसते. नकलांवर लॅटिन अक्षरांची नुसती काड्यांची रांग झालेली असते, कारण कारागिराला ती वाचता येत नव्हती. मुलामा काढण्याच्या रसायनात सायनाइड असतं. आणि काढून हाती काय येणार, तर चांदीची खरवडलेली चकती. बाकीच्या एकेक करून तोला. साडेतीनच्या बऱ्याच खाली ज्या जातील त्या वेगळ्या लिहून ठेवा.

सर, मला पाच रुपयांचं एक नाणं मिळालं जे पूर्ण पांढरं आहे. बाकी सगळी पिवळी असतात. ऑनलाइन एक जण 'मिसिंग प्लेटिंग एरर' म्हणून पाच हजार देतोय. मी इंजिनिअरिंगला आहे, जरा सविस्तर सांगा. (पुणे)

आधी साल बघ. २००७ च्या सुमारास पाच रुपये स्टेनलेस स्टीलचे निघाले होते, ते पांढरेच असतात. त्याआधीचे जाडजूड पाच तांबं-निकेलचे, तेही पांढरे, ९ ग्रॅमचे. तुझं त्यातलं निघालं तर विषय संपला.

साल नंतरचं असेल तर पुढे. आपला पिवळा पाच निकेल-ब्रासचा, अखंड; २०१९ च्या आधीचा ६ ग्रॅमचा, त्यानंतरचा थोडा जड. त्यावर प्लेटिंग नसतंच, मग 'मिसिंग' काय होणार? हा शब्द परदेशातून आलाय. १९८२ नंतरचा अमेरिकन सेंट म्हणजे जस्तावर तांब्याचा थर, आणि युरोचे एक, दोन, पाच सेंट म्हणजे पोलादावर तांबं. तिथे थर द्यायचा राहून गेलेलं नाणं खरंच निघू शकतं.

तुझ्या नाण्यासाठी दोन शक्यता. एक, पाचच्या छापाखाली स्टीलची चकती गेली. तसं असेल तर चुंबकाला चिकटेल, आणि त्याच मापाचं असून वजन ६ ग्रॅमपेक्षा कमी, साडेपाचच्या जवळपास येईल. अशी चूक टांकसाळीत होऊ शकते, आणि ती जमवण्याजोगी. दुसरी शक्यता माझ्या धंद्यातली: कुणीतरी निकेलच्या बाथमध्ये बुडवलं. तेव्हा वजन सहालाच राहील, चुंबक फार तर क्षीण ओढ दाखवेल, आणि कडेला कुठेतरी तारेची पिवळी जागा सापडेल. पाच हजारांची घाई करणाऱ्याला म्हणावं, आधी वजनाचा आणि कडेचा फोटो दोघं मिळून बघू.

सहाव्या जॉर्जचा १९४४ चा रुपया धनत्रयोदशीला घेतला. खोलगट भाग छान पांढरा, पण गालावर आणि मुकुटावर मळकट, किंचित तांबूस. ओळखीचा एक जण म्हणतो, तांब्यावर चांदी चढवलेली आहे. वर मी मशीनवर नेलं तर चांदी ७० टक्क्यांच्या पुढे दाखवली, पुस्तकात तर ५० लिहिलंय! (अलिबाग)

तुमचा ओळखीचा माणूस बरोबर ठिकाणी बघतोय, पण या एका काळाच्या रुपयांना ती खूण लागू पडत नाही.

१९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आणली. बाकी ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. त्याचबरोबर बनावट नाणी रोखायला कडही बदलली. आता एवढं तांबं असलेली चकती पांढरी कशी दिसणार? ती तापवली की वरच्या थरातलं तांबं जळून काळं होतं, आणि आम्लात बुडवली की तेवढंच विरघळून जातं. मागे उरते चांदीने श्रीमंत झालेली कातडी. म्हणजे इथे वरून काही चढवलेलं नाही, वरचं काहीतरी काढून घेतलंय. ती कातडी गालावर झिजली की आतलं तांबूस मिश्रण दिसतं. तुमच्या मशीनने हीच कातडी मोजली, म्हणून ७०. दोन्ही आकडे बरोबर आहेत.

तरी खात्री करायची तर घरी करा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा हल्ली स्वस्तात मिळतो. नाणं कोरडं तोला. मग काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. दोऱ्याने बांधून ते पूर्ण बुडेल पण तळाला आणि काचेला टेकणार नाही असं धरा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या १९४४ च्या रुपयाला तो १.२२ च्या जवळ येईल. १९३८ च्या चांगल्या चांदीच्या रुपयाला १.१३. तांब्यावर चांदी चढवलेली असेल तर १.३० च्या आसपास, जर्मन सिल्व्हर असेल तर त्याहूनही थोडा वर. त्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तुमचं नाणं झिजलेलं असणार, तेव्हा कोरड्या वजनाला पाण्याच्या आकड्याने भागा आणि साडेनऊच्या आसपास येतंय का बघा. नवाच्या खाली आलं तर पावतीसकट दुकानात परत जा.